बदलीची पाळी



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपणांपैकी काही जण दचकले असतील. ‘क्लाउडमधील डेटाबेसचा फेलओव्हर क्लायंट कोडने कसा घडवावा’ हे काही वसंत ऋतूतल्या संध्याकाळी ऐकण्याजोगे नाव नव्हे. मघाशी दारातच एका गृहस्थांनी मला विचारले, “व्याख्यान मराठीत आहे ना?” मी म्हटले, “आहे. आणि मराठीत सांगून तुम्हांला कळले नाही, तर मलाच ते कळलेले नाही असे खुशाल समजा.” ही पैज मी लावली आहे, पाहू या कोण जिंकतो ते.

आरंभ आपल्याच उपनगरातल्या एका बुधवारापासून करतो. २४ फेब्रुवारी २०२१. वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय आहे. त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तिथले सौदे बंद करावे लागले. बाजाराचे नित्याचे काम साडेतीनला आटोपते. त्या दिवशी ते पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि पाचला संपले. मधले चार तास देशातला हा मोठा बाजार निपचित पडून होता. सकाळी घेतलेला सौदा दुपारच्या आत मिटवायचा, अशा बेताने बसलेल्या माणसांचे त्या चार तासांत काय झाले असेल, ते आपल्यापैकी ज्यांना बाजाराचा नाद आहे त्यांना मी सांगायला नको.

कारण काय? बाजाराने मागाहून जो खुलासा केला त्याप्रमाणे दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या दूरसंचाराच्या वाहिन्या अस्थिर झाल्या होत्या, आणि त्याचे मूळ रस्त्यावरच्या खोदकामात व बांधकामात होते. (हशा पिकला, कारण मुंबईकराला खोदकाम समजावून सांगावे लागत नाही.) त्या गडबडीत माहितीचा साठा ठेवणारी यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागली, आणि सौद्यांची जोखीम मोजणारी व्यवस्था हाती येईना. जोखीम मोजता येत नसेल तर सौदे चालू ठेवणे म्हणजे ब्रेक नसलेली लोकल हाकण्यासारखेच. म्हणून सौदे थांबवले, आणि ते योग्यच केले.

पण प्रश्न पुढेच आहे. ह्या बाजाराचे दुसरे केंद्र चेन्नईला आहे, आणि ते अशाच प्रसंगासाठी उभारलेले आहे. मग त्या चार तासांत कारभार तिकडे का नेला नाही? हा प्रश्न मी विचारत नाही. सेबी ह्या नियामक संस्थेनेच बाजाराला तो विचारला. पर्याय जवळ होता, त्याच्यावर पैसा खर्च झाला होता, तरी ऐन वेळी पाऊल तिकडे पडले नाही. माझे आजचे व्याख्यान ह्या न पडलेल्या पावलाविषयी आहे.

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना ‘बदली’ हा शब्द ठाऊक असेल. संप आणि गिरण्यांची वाताहत झाल्यावर तिथली कितीतरी कुटुंबे आपल्या बोरिवली-मुलुंडकडे आली, तेव्हा सभागृहात असे श्रोते असणारच. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी येऊन उभा राही. कायमचा माणूस गैरहजर असला म्हणजे त्याचा साचा ह्याच्या ताब्यात. आला नाही तर ठीक, आला तर हा घरी परत. ह्या पद्धतीत कामगाराची जी ओढाताण होई ती वेगळी गोष्ट आहे, तिचे समर्थन मी करीत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या : बदलीवाला अधूनमधून खरोखरच साच्यावर उभा राही. म्हणून त्याचा हात बसलेला असे. वर्षानुवर्षे नुसता दाराशी उभा राहिलेला आणि साच्याला एकदाही हात न लावलेला बदलीवाला ऐन पाळीत काय दिवे लावणार?

डेटाबेसचेही असेच असते. डेटाबेस म्हणजे वही : पतपेढीची खतावणी, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयाचे केसपेपर, सारे काही. पूर्वी ही वही कचेरीच्या मागल्या खोलीतल्या यंत्रात असे. आता ती ‘क्लाउड’मध्ये असते असे म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. पण त्यात ढगासारखे काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या यंत्रावर, भाड्याने घेतलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. ॲमेझॉनने आपला मुंबई विभाग जून २०१६ मध्ये उघडला, गूगलने २०१७ मध्ये. चांदिवली, ऐरोली, महापे ह्या बाजूंना डेटा सेंटरच्या ज्या आडमाप इमारती दिसतात, त्या ह्याच धंद्याच्या. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवण्याचा दंडक घातला, त्यानंतर ह्या धंद्याला आणखी गती आली.

अशा एका विभागात दोनतीन ‘झोन’ असतात. झोन म्हणजे एक किंवा अधिक इमारतींचा गट; त्याची वीज, त्याचे गारवायंत्र, त्याच्या तारा शेजारच्या झोनपासून वेगळ्या. तुम्ही डेटाबेस भाड्याने घेताना थोडे जास्त पैसे मोजलेत, तर एका झोनमध्ये मुख्य प्रत व दुसऱ्यात बदली प्रत मिळते. मुख्य प्रतीत एक ओळ लिहिली की ती बदलीकडेही लिहिली जाते, आणि दोन्हीकडे लिहून झाल्यावरच तुम्हांला ‘झाले’ असे उत्तर येते. हे उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून दोन झोन फार लांब ठेवता येत नाहीत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोन झोन शंभर किलोमीटरच्या आत असतील तर जाऊन यायला फार तर एक सहस्रांश सेकंद. चेन्नई सरळ रेषेतसुद्धा हजार किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन येण्याला निदान दहा सहस्रांश सेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. एका ओळीला हे काहीच नाही. पण सेकंदाला हजारो ओळी लिहायच्या असतील तर प्रत्येक ओळीमागे एवढे थांबणे परवडत नाही.

म्हणून दोन प्रकारचे बदलीवाले ठेवावे लागतात. एक शेजारचा, ज्याच्याकडे शेवटच्या ओळीपर्यंत सर्व लिहिलेले आहे. दुसरा लांबचा, ज्याची वही काही क्षण मागे असते, पण सारी मुंबई अंधारात गेली तरी त्याचा दिवा जळत असतो. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आपणांस आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि संकटात मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून अलग काढून वाचवण्याची जी योजना होती ती त्या दिवशी टिकली नाही. शेजारच्या बदलीवाल्यावर सगळी भिस्त का ठेवू नये, ते त्या सकाळी कळले.

आता मुख्य मुद्दा. मुख्य प्रतीवरून बदलीवर कारभार नेणे ह्याला फेलओव्हर म्हणतात. मी त्याला ‘पालट’ म्हणेन. हा पालट बहुधा आपोआप होतो. गूगलच्या व्यवस्थेत मुख्य प्रतीची नाडी सतत पाहिली जाते. सुमारे मिनिटभर उत्तर आले नाही की बदलीला पुढे केले जाते. ॲमेझॉनकडे सारा पालट बहुधा एक ते दोन मिनिटांत पुरा होतो. ‘मग आम्ही करायचे काय?’ असे आपण विचाराल. करायचे हे की, काहीही बिघडलेले नसताना, आपण होऊन, ठरलेल्या वेळी हा पालट घडवून पाहायचा. त्यासाठी जी छोटी आज्ञावली लिहितात तोच क्लायंट कोड.

इथे नवशिक्याची एक चूक नेहमी होते, आणि मीही ती केली आहे. त्याला वाटते, डेटाबेसला जोडणी करायची आणि त्यालाच सांगायचे, ‘बाबा रे, आता बाजूला हो.’ तसे नसते. भाड्याच्या डेटाबेसच्या बाबतीत ही आज्ञा डेटाबेसला द्यायची नसून ती त्याच्या व्यवस्थापकाच्या कचेरीत द्यायची असते. त्या कचेरीचा दरवाजा निराळा, तिथली ओळखपत्रे निराळी. आणि ते योग्यच आहे. जो बेशुद्ध पडण्याची शक्यता आहे त्याच्याच सहीवर त्याची बदली करायची, हा कारभार कसा चालेल?

त्या कचेरीत आपला कोड काय करतो ते पाहा. आधी तो आपली ओळख पटवतो. पालटाचा अधिकार त्या ओळखीला स्वतंत्रपणे दिलेला असावा लागतो. मग गूगलच्या पद्धतीत तो डेटाबेसची सद्यःस्थिती मागवतो. त्या उत्तरात एक आकडा असतो, ‘सेटिंग्ज व्हर्शन’. मांडणीत काहीही बदल झाला की हा आकडा बदलतो. पालटाच्या आज्ञेत हाच आकडा जोडून पाठवायचा. दरम्यान तो बदललेला असेल तर कचेरी आज्ञा फेटाळते. पुष्कळांना ही उगीच लाल फीत वाटते. मला ती फार शहाणपणाची वाटते. समजा, रात्री दोन वाजता दोन अभियंते दोन घरांतून एकाच वेळी जागे झाले, एक मुलुंडला आणि एक अंधेरीला. दोघांनाही वाटले की पालट करावा. मुलुंडकराची आज्ञा पोचली, पालट झाला. पाठोपाठ अंधेरीकराची पोचली, आणि कारभार पुन्हा त्याच आजारी यंत्राकडे परत गेला! आज्ञेला जोडलेला आकडा म्हणजे ‘मी अमुक स्थिती पाहून हे लिहीत आहे’ अशी ग्वाही. स्थिती बदलली की ग्वाही फोल, आणि दुसऱ्या आज्ञेला दार बंद.

ॲमेझॉनकडे रीत वेगळी. तिथे यंत्र पुन्हा सुरू करण्याचीच आज्ञा द्यायची आणि तिच्यात ‘पालट सक्तीने करा’ एवढे एक कलम ‘होय’ म्हणून भरायचे. बदली प्रत घेतलेलीच नसेल तर दोन्हीकडे आज्ञा फेटाळली जाते. हसू नका, आपल्याकडे बदली आहे अशा समजुतीत वर्षे काढलेल्या कचेऱ्यांना हा शोध अशाच आज्ञेच्या नकारातून लागू शकतो.

आज्ञा स्वीकारली गेली की लगेच ‘झाले’ असे उत्तर येत नाही. गूगलच्या कचेरीतून एक पावती येते. ती दाखवून कोडने थोड्या थोड्या वेळाने विचारायचे : काम रांगेत आहे, चालू आहे, की पुरे झाले? पावती मिळाली म्हणजे काम झाले असे समजून जो कोड पुढे जातो, तो अर्धवट पालटलेल्या वहीत लिहायला जातो. सरकारी कचेरीत अर्ज दिल्याची पोच आणि अर्ज मंजूर झाल्याचे पत्र ह्यांत जेवढे अंतर असते, तेवढेच इथे आहे. काळ मात्र मिनिटांचा.

येथवर सारे सोपे आहे. अवघड भाग वहीच्या बाजूला नसतो, वहीत लिहिणाऱ्यांच्या बाजूला असतो. ह्याचा मला आलेला अनुभव सांगतो. अंधेरीच्या पूर्वेला एका कंपनीत (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही) आम्ही एका संध्याकाळी असा पालट घडवला. दीड मिनिटात बदली प्रत मुख्य झाली. आम्ही चहा मागवला. चहा येऊन निवला, तरी कंपनीचे प्रोग्रॅम बंदच! डेटाबेस ठणठणीत, आणि त्याच्याशी बोलणारा कोणी नाही. झाले होते असे : त्या व्यवस्थेत पालट झाला की डेटाबेसचे नाव तेच राहते, पण त्या नावामागचा पत्ता बदलतो. आमच्या प्रोग्रॅमांनी सुरू होतानाच एकदा पत्ता विचारून पाठ केला होता आणि पुन्हा म्हणून विचारला नव्हता. जावाच्या काही मांडणीत असा पत्ता यंत्रणा बंद करीपर्यंत विसरला जात नाही. बिऱ्हाड बदललेल्या मित्राच्या जुन्या दारावर आम्ही टकटक करीत बसलो होतो.

आणि काही प्रोग्रॅम तर टकटकही करीत नव्हते. ते जुन्या जोडणीवर उत्तराची वाट पाहत गप्प होते. पलीकडचे यंत्र निरोप न घेता नाहीसे झाले, तर अलीकडच्याला ते कळायला उशीर लागतो. लिनक्समध्ये मुळात जी मांडणी असते तीत पाठवलेला मजकूर पुन्हा पुन्हा पाठवून पाहण्यात सुमारे पंधरा मिनिटे जातात. दीड मिनिटाचा पालट आणि पंधरा मिनिटांचा खोळंबा! उपाय कठीण नाहीत : वाट पाहण्याला मर्यादा घालावी, पत्ता थोड्या वेळाने नव्याने विचारावा, जोडणी तुटली तर दर खेपेस थोडे अधिक थांबून पुन्हा करावी. सगळ्यांनी एकाच क्षणी धाव घेतली तर नव्या यंत्राची अवस्था संध्याकाळच्या घाटकोपर स्टेशनच्या पुलासारखी होते. पण हे उपाय लागतात हेच पालट करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ह्याहून नाजूक गोष्ट पैशाची. बोरिवलीच्या एका बाईंनी फोनवरून पैसे भरले. ‘जमा करा’ ही आज्ञा वहीपर्यंत गेली, आणि ‘केले’ हे उत्तर येण्याच्या आत पालट झाला. आता जमा झाले की नाही? जोडणी तुटल्याने एवढेच सिद्ध होते की उत्तर आले नाही. काम झाले नाही असे सिद्ध होत नाही. प्रोग्रॅमने बेधडक पुन्हा आज्ञा दिली तर पैसे दोनदा जातील. न दिली तर कदाचित एकदाही नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आधीच एक स्वतःचा क्रमांक द्यायचा, आणि वहीने त्या क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा घ्यायचे नाकारायचे. मग तोच कागद कितीदाही पुढे केला तरी पैसे एकदाच जातात. बाईंना ह्यातले काही कळत नाही, आणि कळायची गरजही पडू नये.

आता अधिकाराचा प्रश्न, आणि इथे माझे मत जरा तिखट आहे. काही हुशार तरुण म्हणतात, पालटाची आज्ञा प्रोग्रॅमच्याच हाती द्या. डेटाबेस बोलेनासा झाला की त्यानेच पालट करावा. मी ह्याच्या विरुद्ध आहे. डेटाबेस ऐकू येत नाही, ह्याचे कारण तो मुका झाला हे असेल, तसेच आपण बहिरे झालो हेही असेल. बहिऱ्याच्या हाती बदलीचा हुकूम देऊ नये.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत गिटहब ह्या संस्थेत पूर्व किनाऱ्यावरची जोडणी दुरुस्तीच्या कामात अवघे ४३ सेकंद तुटली. पालटाची स्वयंचलित यंत्रणा चोख होती. तिने तेवढ्यात कारभार पश्चिम किनाऱ्यावर नेला. पण काही क्षणांच्या नोंदी पूर्वेकडेच राहिल्या होत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. एका खतावणीच्या दोन वह्या, दोन्हींत वेगळा मजकूर, दोन्ही खऱ्या! त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद गप्प बसले असते तर कदाचित कोणाला कळलेही नसते. शेजारच्या, ओळीओळीने जुळलेल्या प्रतीवर यंत्राने आपोआप पालट करावा. लांबच्या, मागे राहणाऱ्या प्रतीवर जाताना मात्र एका माणसाने ‘हो’ म्हणावे, आणि तो माणूस कोण हे आधी ठरलेले असावे.

ते ठरलेले नसले म्हणजे काय होते? प्रत्येक जण म्हणतो, आणखी दहा मिनिटे पाहू, जुने यंत्र शुद्धीवर येईल. दहा दहा करीत दुपार होते. २४ फेब्रुवारीला आतमध्ये कोणी काय म्हटले ते मला सांगता येणार नाही, पण सेबीने त्यानंतर महिन्याभरात, मार्च २०२१ मध्ये, जे परिपत्रक काढले ते ह्या घुटमळण्यावरच नेमके बोट ठेवते. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करा, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कारभार पुन्हा सुरू करा. वाट पाहण्यालाच मुदत घातली. दोन केंद्रांत निदान ५०० किलोमीटर अंतर असावे हा नियम तर आधीपासूनच होता. अंतर होते, यंत्रे होती, वेळेचा धाक तेवढा नव्हता.

सराव कधी करावा असे पुष्कळ जण विचारतात. आपल्या रेल्वेकडे पाहा. मध्य रेल्वे माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक घेते तो रविवारी; जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवते, आणि आपण शिव्या देत देत का होईना, पोचतो. गाड्या मात्र खऱ्या असतात आणि प्रवासीही खरे. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या डेटाबेसवर केलेला सराव हा रिकाम्या गाडीवरचा सराव आहे. त्याने रूळ तपासले जातात, गर्दी तपासली जात नाही.

शेअर बाजाराने शेवटी तेच केले. २ मार्च २०२४, शनिवार. बाजाराला सुट्टीचा वार, पण त्या दिवशी मुद्दाम खरे सौदे ठेवले. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून; मग कारभार बदली केंद्रावर नेला, आणि साडेअकरा ते साडेबारा तिथून खऱ्या शेअरांचे खऱ्या पैशांनी सौदे झाले. १८ मे रोजी पुन्हा शनिवारीच तशी पाळी लावली. त्या दोन शनिवारी बऱ्याचशा गुंतवणूकदारांना आपला सौदा कोणत्या गावाहून होत आहे ह्याचा पत्ताही लागला नसेल.

आपल्यापैकी जे पतपेढ्यांवर, गृहनिर्माण संस्थांवर, शाळांच्या मंडळांवर आहेत, त्यांच्या वह्याही आता बहुतेक अशाच कोणाच्या तरी भाड्याच्या यंत्रावर असतात. पुढच्या सभेत ज्याने ती व्यवस्था लावून दिली त्याला दोनच प्रश्न विचारा : आपल्याकडे बदली प्रत आहे का, आणि तिच्यावर शेवटचा कारभार कोणत्या तारखेला चालवला? पहिल्याचे उत्तर तो लगेच देईल.